खांब लगेच पाडू नका

तुम्ही हट्टाने उभं केलेलं काम बंद पडलं आणि दुसऱ्या कुणी येऊन ते तासाभरात चालू केलं, तर तुम्हाला आनंद होतो का? खरं सांगा. मला झाला नाही.

चोपड्याजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे. त्यावर लिनक्स मी टाकलं, विंडोजऐवजी चालणारी, कुणालाही फुकट आणि रीतसर मिळणारी सिस्टीम. आमचं घर चळवळीतलं, तिथे पुस्तकांआधी पत्रकं आली. अक्षरं जुळवायला मी शिकलो तो 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. सार्वजनिक जागेत चोरीचं विंडोज चालावं, हे मला सहन होईना. मी पत्रक काढलं, घरोघर वाटलं, समितीत भांडलो. वाचनालयाचे अध्यक्ष नाना शेवटी वैतागून म्हणाले, "टाक बाबा. पण बंद पडनं तं जबाबदारी तुनी शे."

वर्षभर ते चाललं. लोक मला 'कॉम्प्युटरवाला भाऊ' म्हणू लागले, आणि तत्त्वापेक्षा मला तेच जास्त आवडू लागलं.

मग नानांची सून आली. धुळ्याकडची, तिथेच कॉम्प्युटर शिकलेली. मी महिनाभर खटपट करत होतो तो प्रिंटर तिने एका दुपारी चालू केला. दुसऱ्या दिवसापासून दारातून आत येणारा माणूस मला बघून विचारायचा, "वहिनी कधी येतील?"

तिला दाखवायचं म्हणूनच एका सकाळी मी सिस्टीम अपग्रेड करायला घेतली. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. मशीन सुरू होताना आधी तो उठतो. नवं कर्नल उतरलं आणि जागा अपुरी असल्याचा इशारा आला. जुनी तीन-चार कर्नलं पडून होती, ती मी सगळी पुसली. जुनं कशाला ठेवायचं? आमच्या पत्रकांत जुन्याबद्दल कधी चांगलं लिहिलेलं नसायचं.

मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. शेवटची मी मोठ्याने वाचली, "कर्नल पॅनिक."

नाना पेपर वाचत होते. "कर्नलच घाबरना? तं मग शिपाईस्नं काय?"

सगळे हसले. नाना मात्र लगेच गंभीर झाले. "संध्याकाळलोंग चालू नहीं व्हयनं तं चोपड्यातल्या दुकानवाल्याले बलावस. चोरीनं राहो नहीं तं सावनं, चालाले पाहिजे."

दुकानवाला चोरीचं विंडोजच टाकणार. माझं वर्षभराचं भांडण संध्याकाळपर्यंतचं उरलं. सुरू होतानाच्या यादीत एकच कर्नल दिसत होतं, तेच न उठणारं. दोन तास मी तेच पुन्हा पुन्हा निवडत राहिलो.

दुपारी ती आली. मी खुर्ची सोडली नाही. तिने शेजारी स्टूल ओढलं, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि विचारलं, "भाऊ, जुनं कर्नल कोठे शे?"

"पुसलं."

"बठ्ठं?"

"सगळं."

ती हसली. "केळीना घड उतारा का तुम्ही खांब लगेच पाडतस का? पीलले रस कोठून भेटी मग?"

घड उतरवल्यावरही आम्ही खांब काही दिवस उभा ठेवतो. त्याचा रस बुडाशी वाढणाऱ्या पिलाला मिळतो. हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होतं. जिच्या माहेरी कापूस आणि बाजरी, ती मला हे सांगत होती.

तिने आपल्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं आणि त्यातून आमच्या डिस्कमध्ये शिरली. नव्या कर्नलला डिस्क ओळखायला सोबत एक छोटी फाइल लागते. जागेअभावी ती बनलीच नव्हती. तिने ती बनवली, एक जुनं कर्नलही परत आणून ठेवलं. मी मनात म्हणत होतो, अडू दे कुठेतरी. माझंच लिनक्स, मरणाच्या दारात, आणि मी त्याच्याविरुद्ध.

अडलं नाही. दुकानवाल्याला फोन गेला नाही. चहा आला, पहिला कप तिला.

"आते एक कागद लिखी दे भिंतवर लावाले," नाना मला म्हणाले. "पत्रकं लिखता येतस ना तुले?"

लिहिला. मशीन उठलं नाही तर काय करायचं ते, तिने केलं तसं, क्रमाने. खाली माझं एकट्याचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. "छान लिखेल शे, भाऊ," म्हणाली आणि कामाला लागली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. दुपारभर तो कागद माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी पेन काढून नावाखाली लिहिलं: बिघाड माझा, दुरुस्ती वहिनींची.

मत्सर गेलेला नाही. आजही कुणी "वहिनी कुठे?" विचारलं की मी मान वर करत नाही.

पण तुम्ही एवढं करा. नवं कर्नल दोन-चारदा नीट उठल्याशिवाय जुनं पुसू नका. आणि तुमचं मशीन दुसऱ्या कुणी उठवलं असेल, तर त्याचं नाव आजच, आपल्या हाताने, भिंतीवर लिहा.