टाचणी लावलेलं पॅराशूट

जळगावात साड्यांच्या दुकानात उभं राहून माझं अर्धं आयुष्य घड्या घालण्यात गेलं. गिऱ्हाइकानं ढीगभर साड्या विस्कटाव्यात, "बघून सांगते" म्हणत निघून जावं आणि मी हू की चू न करता त्या पुन्हा कोऱ्याकरकरीत करून ठेवाव्यात, हा माझा धंदा. त्यामुळे घडीचा विषय निघाला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हा माज उतरला तो बायकोच्या बापाच्या शेतात.

बायको शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत पुठ्ठ्याच्या नळीची हातभर लांबीची रॉकेटं बनवते. दोंडाईच्याजवळच्या तिच्या माहेरी या छंदाला एकच नाव होतं, फटाका. आबा, म्हणजे माझे सासरे, फोनवर मुद्दाम विचारायचे, काय, फुटले का फटाके? ती हसून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटायची. यंदा कापूस निघून, नांगरट होऊन रान मोकळं झाल्यावर तिनं ठरवलं, आबांच्या डोळ्यांदेखत उडवायचं. मला म्हणाली, "वर तर फटाकाही जातो. माझं रॉकेट परत येतं, ते त्यांना बघू दे."

आता परत येणं सगळं पॅराशूटवर. इंधन संपलं की आत एक छोटा बार होतो, टोक सुटतं आणि घडी घातलेलं कापड बाहेर पडून उघडतं. ती घडी मी मागून घेतली. बायको समजावून सांगायला लागली, तर मी म्हटलं, बाई, मला घडी शिकवतेस? पातळ नायलॉनला टाल्कम पावडर चोळली, पाकळीवर पाकळी ठेवली, दोऱ्या आत घेतल्या, वर घट्ट गुंडाळी. नायलॉन मेलं सारखं निसटत होतं. पण मी काय आजचा आहे? सवयीनं हात खिशात गेला आणि काम फत्ते झालं.

शेतात आबा लिंबाखाली खाटेवर बसले होते. रॉकेट झकास उडालं. वर बार झाला, टोक सुटलं, घडी बाहेर आली आणि घडीच राहिली. रॉकेट तोंड खाली करून नांगरटीत घुसलं. बायकोचा चेहरा बघून मला इतकी लाज वाटली की जळगावची बस धरून पळावंसं वाटलं.

आबा सावकाश गेले, ती घडी उचलली, उलटीसुलटी बघितली आणि तिच्यातली टाचणी उपसून माझ्यासमोर धरली. दुकानात साडीच्या घडीला लावतो, तीच.

"जवाई, घडी बठ्ठी शाबूत शे."

सगळीच्या सगळी शाबूत, हेच तर दुखणं. वाटलं, आता बायको कापडाला मला हात लावू देत नाही. तिनं ब्लेडनं नळीचं चेमटलेलं तोंड कापलं, टोकातली माती काढली, नवं इंधन बसवलं आणि पॅराशूट पुन्हा माझ्याकडेच दिलं.

"आधी खिसे रिकामे करा," म्हणाली.

खाटेवर मूठभर टाचण्या निघाल्या. आबांनी त्या ताब्यात घेऊन आपल्या खिशात टाकल्या.

या वेळी घडी सैल राहिली, माझ्या तोलाची नव्हती, दुकानात मालकानं फेकून मारली असती. पण वर गेल्यावर ती उघडली. लाल कापड फुगलं आणि रॉकेट डुलत डुलत खाली यायला लागलं. आबा उठले, कपाळावर हात धरून वर बघत त्याच्या मागे चालत राहिले आणि ते जमिनीला टेकल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. बांधापलीकडून शेजारी ओरडला, कसला फटाका उडवला?

"फटाका नही," आबा म्हणाले. "रॉकेट शे. मन्ही पोरनं."

बायकोनं पटकन पाठ फिरवली आणि उगाच रॉकेट पेटवायची वायर गुंडाळत बसली. शेजाऱ्यानं मग माझ्याकडे मान करून विचारलं, जवाई काय करतात?

आबांनी खिशात हात घालून मूठ बाहेर काढली, उघडून बघितली.

"टाचण्या लावतस."