देवळाच्या उतारावर अडलेली गाडी

हा अनुभव सांगायचा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. देवीची कृपा झाली असं सांगताना माणूस आपलं भाग्य सांगतो. मला मात्र आधी माझी लाज सांगावी लागते, कारण त्या दिवशी कृपेला पात्र ठरावं असं माझ्या वागण्यात काहीच नव्हतं.

मी माहेरची घाटावरची, लग्नानंतर मालवणजवळच्या गावात आले. नवरा जहाजावर असतो, मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्यापासून त्यांना ठरलेल्या दिवशी कुडाळला डायलिसिसला न्यावं लागतं. आणणारं-नेणारं दुसरं कोणी नाही, म्हणून पन्नाशीत मी गाडी चालवायला शिकले. लोक माझं कौतुक करायचे आणि ते मला आवडायचं, हेही खरं आहे. सासूबाईंचा आमच्या गावदेवी सातेरीवर फार जीव. मी सणासुदीला ओटी भरायची, हात जोडायची, पण मनातून देवीशी माझं काही बोलणं नव्हतं. सगळं मीच ओढते आहे, वरून कोणी हात लावत नाही, अशी एक अढी माझ्या मनात घट्ट होऊन बसली होती.

त्या आठवड्यात मला ताप आला आणि डायलिसिसची एक फेरी चुकली. पुढच्या फेरीपर्यंत सासूबाईंचे पाय सुजून आले. रात्रभर त्या उशीला टेकून बसूनच होत्या, आडवं झालं की धाप लागायची. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की आता उशीर करू नका. सकाळी मी घाईघाईने त्यांना गाडीत बसवलं आणि निघाले. देवळाच्या फाट्यावर येताच त्या हळूच म्हणाल्या, "बाय, जरा थांबव गो. आईक भेटान जावया."

मी नाही म्हणाले. त्या काचेतून देवळाकडे बघत राहिल्या. ते बघणंही मला सोसेना आणि मी चिडूनच गाडी आत वळवली. देवळापुढे उतार आहे. कडेला जांभ्या दगडाची बांधणी आहे, तिला पुढचं चाक टेकवून मी गाडी उभी केली, किल्ली काढली आणि स्टिअरिंगवर भार देऊन उतरले. तेवढ्यात आतून खट् असा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही.

पायऱ्यांवर एक पर्यटक मुलगी उभी होती. पंचविशीची असेल. समुद्रात डुंबून आलेली, केस ओले, अंगात अर्धी पँट. तिचा नवरा खाली गाडीजवळ थांबला होता. ती कळसाचा फोटो काढत होती. सासूबाईंना हाताला धरून चढवताना मी तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "देऊळ आहे का चौपाटी, हेच कळत नाही लोकांना." तिने वळून माझ्याकडे पाहिलं, फोन खाली घेतला आणि सासूबाईंना वाट करून देत बाजूला सरकली. आपण देवळाचं पावित्र्य राखलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

दर्शन झालं. परत येऊन किल्ली लावली तर ती फिरेना. स्टिअरिंग हलवून पाहिलं, तेही जागच्या जागी गच्च. मी किल्लीवर जोर केला, स्टिअरिंगला हिसके दिले, पुन्हा किल्लीवर जोर केला. शेवटी किल्ली अशी अडकली की फिरेनाही आणि निघेनाही. देवळाच्या त्या खोलगट भागात फोनला रेंज नसते. वर रस्त्यापर्यंत पळत गेले आणि गॅरेजवाल्याला फोन लावला. तो लांब कुठेतरी गेला होता, दुपारशिवाय यायला जमणार नव्हतं त्याला. ओळखीचा रिक्षावाला फोन उचलेना. परत आले तेव्हा सासूबाई गाडीचं दार उघडून, पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. प्रत्येक श्वास मोजून घेतल्यासारखा घेत होत्या.

तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिताना हात थांबतो. पण सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याला अर्थ नाही. मी म्हणाले, "झालं तुमच्या देवीचं दर्शन? आता इथेच बसा. तुमच्यापायी मी एक दिवस मरेन, मग तिलाच सांगा गाडी चालवायला."

सासूबाईंनी मान खाली घातली. मग दाराचा आधार घेत उठल्या आणि एकेक पाऊल टाकत देवळाच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी गाडीत बसून पुन्हा किल्लीशी झगडू लागले. बोटं लाल झाली. दमून थांबले तेव्हा त्यांचा आवाज कानावर आला. गाभाऱ्याकडे तोंड करून त्या गाऱ्हाणं घालत होत्या. मला वाटलं, माझीच तक्रार चालली असणार. पण शब्द वेगळेच होते.

"बाय माझे, हे पोरीर राग धरू नको. माझा करून करून ती दमली आसा. तिचो जीव शांत ठेव. माझा काय, तू नेशीत तेव्हा मी येतलंय."

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रडू आलं असं म्हणणार नाही. रडायचाही आपल्याला हक्क नाही, असं काहीतरी वाटलं. ज्या माणसाला मी मरणाचं बोलले, तो माणूस मरण दाराशी असताना माझ्यासाठी मागत होता. इतकी वर्षं मी त्या देवीपुढे उभी राहिले, पण तिच्याशी बोलले त्या क्षणी पहिल्यांदा. फार काही बोलले नाही. मनातल्या मनात इतकंच म्हणाले, आई, मला जमत नाही. आता तू बघ.

काचेवर कोणीतरी हलकेच टकटक केली. तीच मुलगी होती. मला तिच्या डोळ्यांत बघवेना. ती म्हणाली, "काकू, स्टिअरिंग लॉक झालंय का? आमचंही एकदा झालं होतं. बघू का मी?" मागे तिचा नवरा गाडी वळवून आणत होता. नाहीच झालं तर आपण आजींना आमच्या गाडीतून सोडू, म्हणून त्याला आधीच तयार राहायला सांगितलंय, असंही ती म्हणाली. मी कशीबशी मान हलवली.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. आधी तिने माझा हात किल्लीवरून काढायला लावला. मग किल्ली अंगठ्याने आत पूर्ण दाबली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना अगदी किंचित हलवून पाहिलं. एका बाजूला ते थोडं दबत होतं, दुसऱ्या बाजूला मुळीच नाही. चाक दगडाला टेकलेलं असल्यामुळे लॉकवर ताण आलाय, असं तिने मला समजावलं. मी नेमकी उलट्या बाजूला ओढत होते आणि त्याच वेळी किल्ली पिरगाळत होते. ती म्हणाली, "मी हे या बाजूला धरून ठेवते. तुम्ही किल्ली फिरवा, पण जोर नका लावू. अगदी हळू."

पहिल्यांदा काही झालं नाही. मी सवयीने पुन्हा दाब दिला तर तिने नुसती मान हलवली. मी हात सैल सोडला, पुन्हा दोन बोटांनी फिरवली, आणि किल्ली लोण्यातून जावी तशी फिरली. गाडी सुरू झाली.

सासूबाईंना पायरीवरून उठवून आणलं ते तिनेच. त्यांचा सुजलेला पाय उचलून आत ठेवला, पदर दारात अडकणार होता तो सोडवला. सासूबाईंनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "खंयची गो तू?" ती हसून पुण्याची म्हणाली. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आजींना घेऊन निघा काकू, उशीर होतोय." नाव विचारायचंही राहिलं. पुढे मुख्य रस्त्याला लागेपर्यंत त्यांची गाडी आमच्या मागे होती, मग दिसेनाशी झाली.

ती कोण होती, याचा मी कीस काढत नाही. पुण्याची एक भली मुलगी होती, हे मला ठाऊक आहे. जिला मी देवळाच्या पायरीवरून हटवलं तिलाच सातेरीने माझ्याकडे पाठवलं, हेही मला तितकंच ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर गाडी सुरू झाली असती, पण मी होते तिथेच राहिले असते.

कुडाळला वेळेत पोचलो. मशीन लागल्यावर थोड्या वेळाने सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला, श्वास सुटा झाला. मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले होते. शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकतील याची पर्वा न करता मी म्हणाले, "आई, मघाशी मी फार वाईट बोलले. मला क्षमा करा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "काय बोललंस? माका आता खंय धड ऐकाक येता, बाय."

मागच्या दारी नारळ पडला तर माझ्या आधी त्यांना ऐकू येतो. मी त्यांच्या पायांवर हात ठेवून बसून राहिले. हे पाय चेपायला मिळताहेत, ही देवीची केवढी दया, हे त्या दिवशी मला कळलं. तिच्यावर भार टाकायचा म्हणजे काम सोडायचं नाही, गाडी मीच चालवते. फक्त हे सगळं मी एकटी ओढते आहे, असं आता म्हणवत नाही.