संपतची दवंडी

संपत गेल्याचं मला फोनवरच्या निरोपानं कळलं. तेव्हा मी गुलमंडीच्या बाजारात सदऱ्याचं कापड बघत होतो. ‘ज्येष्ठ रंगकर्मी हरपला.’ पाठवणारे कोण, तर आमच्या जुन्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शकमहाशय! रंगकर्मी म्हणे! जितेपणी ज्याला विंगेतही टिकू दिलं नाही, त्याचा मेल्यावर बरा पुळका आला...

संपत वैजापूरकडचा गडी, मेंढरांमागं हिंडून कमावलेला आवाज. नोकरीसाठी शहरात आला आणि माझ्यासोबत मंडळात शिरला. आणीबाणीचे दिवस होते. महाशयांनी भविष्यकाळावर तीन भागांचं नाटक लिहिलं होतं, एकेका भागाचा प्रयोग वेगळा. त्यातला राजा माणसांना श्वासापुरती हवा मोजून देतो. संपत त्यात दवंडीवाला. राजाचा हुकूम पुकारायचा सोडून तो हलगी वाजवतो आणि ओरडतो, “ऐका हो ऐका! हवा कुणाच्या बापाची नाय!” लगेच शिपाई त्याची जीभ छाटायला नेतात. अख्ख्या नाटकात त्याला तेवढं एकच वाक्य, पण त्या वाक्यावर गड्याचा लई जीव.

पहिल्या भागाच्या प्रयोगादिवशी कळलं, पुढच्या रांगेत सरकारी साहेब बसणार. महाशयांची पाचावर धारण बसली. “संपत, तू नुसती हलगी वाजव. बोलायच्या आत शिपाई तुला नेतील. वाक्य तिसऱ्या भागात देतो, शब्द आहे माझा.” राजाच्या आधी लेखकानंच जीभ छाटली. असले हे शूर!

पण खेड्यात हलगी वाजली की माणसं हातातलं काम टाकून दवंडी ऐकायला थांबतात, हे या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. थेटरात निम्मी पोरं खेड्याकडची. शिपाई संपतला ओढू लागले तशी मागून आरोळी आली, “आरं, दवंडी काय हाय ते तर सांग!” मग सगळेच, “बोल! बोल की रं!” संपत तोंड मिटून उभा, डोळ्यांत पाणी. महाशयांनी घाईघाईनं पडदा पाडला आणि ‘तूच लोकांना चिथावलंस’ म्हणून त्याला मंडळातून काढलं.

आणीबाणी उठली, तिसरा भाग झाला. आता ते वाक्य बिनधोक होतं, सबब महाशयांनी ते स्वतःच्याच तोंडी घातलं. काय त्या टाळ्या! प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेला संपत एवढंच म्हणाला, “जाऊ दे. आवाज लई बारीक हाय त्याचा.”

शोकसभेत महाशयांनी पुन्हा तेच वाक्य म्हणून दाखवलं. ‘आम्ही दोघं हुकूमशाहीशी लढलो,’ अशी थाप ठोकली आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. लाज कोळून प्यालेला माणूस! सगळे उभे राहिले. संपतची बायको, आमच्या सुमनवहिनी, तेवढ्या बसूनच राहिल्या. “सर,” त्या म्हणाल्या, “जन्मभर त्यांना गप बसवलं तुम्ही. मेल्यावर तरी नका बसवू.” महाशय खिशात रुमाल शोधत राहिले.

परवा सकाळी वहिनींकडं गेलो. चहा ठेवायच्या आधी त्यांनी रस्त्याकडची खिडकी ढकलली आणि खड्या आवाजात म्हणाल्या, “हवा कुणाच्या बापाची नाय!” मी दचकलोच.

“हे रोज असंच म्हणून उघडायचे,” वहिनी म्हणाल्या. “गल्लीला सवय हाय.”

तेवढ्यात समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, “नायच मुळी!”