काट्यांवर विश्वास नसलेले मामा

जगातल्या एकाही काट्यावर माझ्या बायकोच्या मामांचा विश्वास नव्हता. घड्याळाचा असो, वाण्याच्या तराजूचा असो, नाहीतर ट्रकच्या डॅशबोर्डावरचा, काटा हा मुळात खोटं बोलायलाच जन्माला येतो असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही गिरगावातली खोली सोडून शांती नगरात राहायला आलो, त्याच्या कितीतरी आधीपासून मामा घोडबंदरच्या बाजूला, हायवेलगत एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकचं वायरिंग दुरुस्त करायचे. एकदा मला ताप भरला. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. मामांनी तो झटकून बाजूला ठेवला, माझ्या कपाळाला उलटा हात लावला, "जावईबापू, शंभरच्या वर नाही" असा निकाल दिला आणि माझ्यासाठी कांदाभजी मागवली. चार दिवसांनी टायफॉइड निघाला. मामा दवाखान्यात मोसंबी घेऊन आले, तासभर बसले, पण आपलं चुकलं असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. "त्या दिवशी माझा हातच गरम होता," एवढंच म्हणाले.

त्यांची काम करायची तऱ्हाही जगावेगळी. गाडी शेडमध्ये शिरली की दुसरा कोणीही आधी बॉनेट उघडेल. मामा आधी ड्रायव्हरला स्टुलावर बसवायचे, चहा सांगायचे आणि चौकशी सुरू करायचे. बिघाड पहिल्यांदा कधी दिसला, तेव्हा पाऊस होता का, रस्ता चढाचा होता का, शेजारी कोण बसलं होतं, तुम्ही जेवला होतात का. एक ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, "मामा, गाडी देखोगे या मेरी कुंडली?" मामा शांतपणे म्हणाले, "गाडी कहाँ भागती है? पहले तुम बोलो." पार्ट बदलण्याचा त्यांना भयंकर तिटकारा. नवीन पार्ट टाकणं म्हणजे आपल्याला काही कळलेलं नाही याची जाहीर कबुली, असं ते म्हणत. त्यापेक्षा ते अर्धा दिवस वायरी हुंगत बसत. जळक्या वायरीचा नुसता वास घेऊन ती हेडलाइटची की हॉर्नची हे सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघे.

अशाच एका रविवारी मी शेडवर गप्पा मारायला गेलो होतो, तेव्हा समुद्रकाठच्या उत्तनचा एक मासळीवाला, मामांचं जुनं गिऱ्हाईक, आपला ट्रक घेऊन आला. चाळिशीचा, गळ्यात क्रूस, डोळे जागरणानं लाल. ट्रक वयानं थकलेला, पण अंगावर रंग मात्र झकास, कारण गावच्या चर्चचा सण आला की हा माणूस दरवर्षी आधी ट्रक रंगवायचा आणि मग घर. गेले कित्येक महिने पहाटे बाजाराला निघालं की इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर चढत होता. तो घाबरून गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन गार व्हायची वाट बघायचा, तोवर बर्फ वितळायचा आणि मासळी उतरायची. दोन गॅरेजवाल्यांनी रेडिएटर बदलला, पंप बदलला आणि शेवटी इंजिनच गेलं म्हणून सांगितलं. ट्रक भंगारात घेणारा माणूस त्याच संध्याकाळी येणार होता. ट्रक गेला की या गृहस्थाला पुन्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं. एवढं सांगताना त्याचा चहा तसाच गार झाला.

मामांनी तासभर त्याला बोलू दिलं. दोन्ही गॅरेजांत गाडी भर दुपारी तपासली होती, आणि तेव्हा काटा एकदाही चढला नव्हता, हे त्यातूनच बाहेर आलं. मग इंजिन चालू न करता त्यांनी नुसती चावी फिरवायला लावली. काटा खाली, जागच्या जागी. "आता दिवे लाव," मामा म्हणाले. डोक्यावर ऊन तळपत असताना त्यानं हेडलाइट लावले आणि थंडगार इंजिनाचा काटा सरसरत लाल रेघेवर गेला. दिवे बंद केले, काटा उतरला. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. दिव्यांची वीज परत जायला वाट मिळत नव्हती, म्हणून ती काट्याच्या वायरीत घुसत होती, असं मामांनी मला समजावलं. तो मासळीवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला.

मामा दोष शोधायला केबिनखाली शिरले, ते बराच वेळ बाहेर येईनात. म्हणून मी वाकून पाहिलं. चासीच्या लोखंडावर केबिनची अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी, पट्टी बोल्टनं आवळलेली होती, त्याच बोल्टखाली सणाच्या दिव्यांच्या माळेची एक वायर होती, आणि या सगळ्याच्या खाली रंगाचा जाड थर. मामा त्या वायरीकडे एकटक पाहत होते. गेल्या सणाला हा बोल्ट सोडवून ट्रकवर ती माळ त्यांनीच बसवली होती. रंग ताजा होता, गर्दी होती, खालचा रंग खरवडायचा राहून गेला. रंगातून वीज जात नाही, हे या धंद्यात शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी शिकवतात. पॉलिशपेपर त्यांच्या खिशातच होता. दोन मिनिटांत खरवडून बोल्ट आवळला असता तर कोणालाही पत्ता लागला नसता. मलाही नाही, कारण त्यांनी सांगितलं नसतं तर मला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं.

मामा बाहेर आले, हात पुसले आणि त्या माणसासमोर उभे राहिले. "हे माझं काम आहे. रंगावरच अर्थ मारली मी. तुझे सगळे हाल माझ्यामुळे झाले."

तो एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, आता हात उचलतो. मग म्हणाला, "त्या दोघांनी इंजिन गेला म्हून सांगितला. तुमी आपली चूक सांगितली. माजी गाडी आता दुसऱ्या कोनाकडं जानार न्हाय, मामा." मामांनी मान खाली घातली आणि पुन्हा केबिनखाली शिरले. आतून खरवडल्याचा आवाज गरजेपेक्षा खूप जास्त वेळ येत होता.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कचेरीत हयात काढली, चुका ढिगानं केल्या, आणि प्रत्येक चूक कोणाच्या ना कोणाच्या फायलीत अलगद सरकवून दिली. एकदा तर माझ्या चुकीपायी एका गरीब कारकुनाची बदली झाली. तो निघताना माझ्याच टेबलाशी निरोप घ्यायला आला होता. त्याला सांगावंसं फार वाटलं. मी त्याला चहा पाजला आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या.