साडूंचे ओले हात

देवाने माणसं घडवताना माती कालवायला जे पाणी घेतलं, त्यातलं उरलंसुरलं सगळं माझ्या थोरल्या साडूंच्या तळहातांत ओतलं, असं माझं पक्कं मत आहे. साडू मूळचे वैरागचे, पण सगळी नोकरी सोलापुरात, एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये लोकांना जुन्या कागदांच्या नकला देण्यात गेली. आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात घाम कुणाला येत नाही? खरं आहे. मे महिन्यात आमच्याकडे पंखासुद्धा गरम वारा फेकतो. इथे घामाची तक्रार करणं म्हणजे विहिरीत उतरून पाय भिजले म्हणून ओरडण्यासारखं. पण साडूंच्या हातांना ऐन डिसेंबरात, आम्ही स्वेटर घालून बसलेलो असताना धार लागायची. पेपर वाचायला घेतला की बातम्या बोटांवर यायच्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, घरातले सगळे टॉवेल कापून, कडा शिवून त्यांचे हातरुमाल केले होते. साडू असे चार रुमाल खिशांत कोंबून निघायचे आणि संध्याकाळी चारही पिळून घरी आणायचे.

ते कुणाच्या हातात हात म्हणून देत नसत. लांबूनच नमस्कार. माझ्या लग्नात मी मोठ्या प्रेमाने हात पुढे केला, तर त्यांनी त्यात नारळ ठेवला. पुढची दहा वर्षं मी त्यांना शिष्ट समजत होतो. कचेरीत अंगठ्याच्या हजेरीचं मशीन आलं तेव्हा तर कहर झाला. मशीन रोज सकाळी सांगायचं की हा माणूस तो नव्हेच. मग साडू अंगठ्यावर फुंकर घालायचे, भिंतीच्या चुन्यावर घासायचे आणि पहिले येऊन शेवटचे हजर व्हायचे. उपाय करायचे त्यांनी बाकी ठेवले नव्हते. तुरटीच्या पाण्यात हात बुडवले, बाभळीचा पाला चोळला, कुणी सांगितलं म्हणून वर्षभर कांदा सोडला. कांदा सोडून हात कोरडे झाले नाहीत, जेवण मात्र कोरडं झालं.

निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली असताना ते प्रकरण घडलं. सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी एक म्हातारी सासऱ्याच्या जमिनीच्या कागदासाठी हेलपाटे घालत होती. साडूंनी तीन दिवस जुनी दप्तरं उपसून तो कागद शोधला. नक्कल हातात पडताच, साडू मागे सरकायच्या आत, तिने त्यांचे दोन्ही हात धरले. मग बाहेर येऊन रांगेतल्या लोकांना सांगितलं, "सायबाचं हात लई वलं हायती. म्हनून तर काम झालं."

सरकारी कचेरीच्या दारात हात ओले झाले म्हणजे काय झालं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. दुपारपर्यंत बातमी वर गेली. कुणाचा चहा घ्यावा लागू नये म्हणून घरून थर्मास आणणारा हा माणूस कचेरीच्या नव्या अधिकारी मॅडमसमोर उभा राहिला, आणि साडूंचे हात तर गळायला लागलेच, शर्टही पाठीला चिकटला. मॅडम म्हणाल्या, काही केलं नसेल तर एवढा घाम का फुटलाय? त्यांचंही बरोबर होतं. मराठीत घाम फुटतो तो चोराला, नाहीतर भित्र्याला. आपली भाषाच साडूंच्या वाईटावर उठली होती.

नशीब, म्हातारी अजून बाहेर झाडाखाली भाकरी खात बसली होती. तिला आत बोलावलं. साडू सांगतात, ती जराही बिचकली नाही. म्हणाली, "वलं म्हंजे घामानं वलं की, बाई. कागुद हुडकून हुडकून घामेजला बिचारा. पैकं मागितलं असतं तर मी कुटनं देनार हुते?" मॅडमनी टेबलाच्या काचेकडे पाहिलं. तिथे साडूंच्या पंजाचा ओला ठसा उमटला होता. मग त्या माफी मागून म्हणाल्या, हा आजार आहे, माझ्या भावाला होता, कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

घामासाठी डॉक्टर, तोही सोलापुरात, हे साडूंना पटेना. मीच ओढून नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. काही माणसांच्या घामाच्या ग्रंथींना नसांकडून विनाकारण हुकूम सुटत राहतात, बहुतेकदा पोरवयापासूनच. मन घाबरलं की घाम वाढतो, पण मन शांत असलं तरी तो येतोच. साडूंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हंजे डॉक्टर, मी भित्रा न्हाय?" डॉक्टर हसले, म्हणाले, अजिबात नाही. साडूंनी रुमाल काढला आणि पहिल्यांदाच हाताऐवजी डोळे पुसले.

मग रात्री झोपताना पुसून कोरड्या केलेल्या तळव्यांना औषध लावायचं, आणि आठवड्यातून तीनदा दवाखान्यात पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून सौम्य वीज सोडून घ्यायची, असं सुरू झालं. अक्कांना पहिल्या दिवशी वाटलं, यांना शॉकच देतायत. पण महिन्याभरात तळवे बऱ्यापैकी कोरडे पडले. साडू शिपायापासून मॅडमपर्यंत सगळ्यांशी हात मिळवत सुटले. लोक कंटाळले, पण ते थांबेनात.

आता ते वैरागला असतात. निवृत्तीनंतर सोलापूर सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तळ्याकाठी बसलो होतो. तेव्हा त्यांनी सांगितलं, तरुणपणी ते साहेबाच्या जागेची लेखी परीक्षा पास झाले होते. मुलाखतीला पुण्यापर्यंत गेले, आणि दाराशीच हात गळायला लागले. दारातच ज्याला घाम फुटतो तो कसला साहेब होणार, असं म्हणून तिथूनच एसटीने परत आले. घरी सांगितलं, नापास झालो. "भ्याव वाटतच नव्हतं वो," ते म्हणाले, "नुसता घाम आलता."

वीस वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात, चारचौघांत मी त्यांना विचारत आलो होतो, काय साडू, फुटला का घाम? सगळे हसायचे. साडूही हसून "व्हय की" म्हणायचे. मला वाटायचं, गमतीने म्हणतात. ते खरं समजून म्हणत होते.