दाराच्या पडद्याला शिवलेली घुंगरं

कुमुद, नागपूर स्टेशनात गाडी हलली तेव्हा तू रडत होतीस आणि आई खिडकीबरोबर चालत मला बजावत होती, "आता घर नीट लाव. नाच खूप झाला." लग्नाला पंधराच दिवस झाले होते. माझ्या ट्रंकेत सांडगे, मेतकूट आणि अगदी तळाशी कथकची घुंगरं होती, एकेका पायाची शंभर.

कलकत्त्यात गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घर मी इतकं नीट लावलं की विचारू नकोस. पहिल्याच दिवाळीला हौसेने घुंगरांची दोरी कापली आणि एकेक घुंगरू दाराच्या पडद्याच्या काठाला शिवलं. येणारा-जाणारा कौतुक करी. हे ऑफिसातून आले की पडदा वाजे आणि मी चहा टाकी. सुखात होते, खोटं कशाला बोलू?

मग शेजारच्या बौदीने, म्हणजे बंगाली वहिनीने, एका दुपारी मला बंगाली सिनेमाला नेलं. भाषा जेमतेम कळत होती, पण नायिका नर्तकी होती, तेवढं मला पुरलं. चांगला नवरा, बागेतलं घर, सगळं होतं तिच्याकडे. शेवटी ते सोडून ती तालमीच्या ओक्याबोक्या खोलीत परत येते, घुंगरं कपाळाला लावते आणि पायात बांधायला बसते. काय बाई होती ती! तिचा पाय पडला की खुर्चीखाली माझी टाच ठेका धरायची. घुंगरं तिने कपाळाला लावली तेव्हा मात्र मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी येताच कात्री घेऊन बसले. हे आले, तेव्हा अर्धा पडदा उसवून झाला होता.

"अगं, हे काय चाललंय?"

मी सिनेमाची गोष्ट सांगितली.

"म्हणजे तूही जाणार?" ते हसून म्हणाले, पण आवाज घाबरलेला होता.

"जाणार नाही. नाचणार."

मग रेल्वेतला हा इंजिनिअर सुती दोरी घेऊन जमिनीवर बसला आणि त्याने एकेका घुंगराला अशी गाठ मारली की आमच्या गुरुजींनीही पाठ थोपटली असती.

आज बालीगंजला माझ्याकडे अकरा मुली शिकतात. ह्यांना आवडायची म्हणून सहा घुंगरं मी पडद्यालाच राहू दिली. संध्याकाळी क्लासहून येऊन मी पडदा सारते, ती वाजतात आणि आतून हे विचारतात, "चहा टाकू?"

आईला सांग, घर आता नीट लागलंय.