रायपूरच्या लग्नात मगवंतराव

मावसबहिणीच्या, केतकीच्या, लग्नाची पत्रिका फोनवर आली आणि मी लगेच रायपूरचं तिकीट काढलं. लग्नाला जायचं होतंच, पण घाई वेगळ्या कारणाची होती. मी पुण्यात फाँट बनवते, म्हणजे कॉम्प्युटरसाठी देवनागरी अक्षरं घडवते. ‘झुळूक’ हा माझा पहिला वळणदार फाँट. त्यात शिरोरेघ नाही, अक्षरं एकमेकांचा हात धरून पळतात. तो वापरणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं आणि इथे अख्खी पत्रिका ‘झुळूक’मध्ये!

पुण्याहून थेट गाडी आहे, पण प्रवासात जवळजवळ एक दिवस जातो. दशम्या बरोबर असू द्या. नागपूर मागे पडलं की डब्यातलं मराठी हळूहळू हिंदीत विरघळत जातं, ते ऐकायला मजा येते. जायचं तर हिवाळ्यातच. स्टेशनवरून ब्राह्मणपाऱ्याला, म्हणजे मावशीच्या मोहल्ल्यात, ई-रिक्षा मिळते, मात्र ती गल्लीच्या तोंडाशी सोडते. पुढे बॅग ओढत जायची तयारी ठेवा.

मावशीने दारातच विचारलं, पत्रिकेतली अक्षरं तुझीच ना? मी अभिमानाने हो म्हटलं.

“मग आता तूच निस्तर,” मावशी म्हणाली.

झालं होतं असं. केतकीचे होणारे सासरे भगवंतराव रेल्वेतून निवृत्त होऊन मुलाबरोबर शहराबाहेरच्या ‘नवा रायपूर’ या नव्या वसाहतीत राहतात. त्यांच्या थोरल्या बहिणीने घरच्या मंडळींसमोर पत्रिका मोठ्याने वाचली, आणि भगवंतरावांचे मगवंतराव झाले. ‘शुभ विवाह’चा ‘शुम विवाह’ झाला, तो वेगळाच. घरातली पोरं-पोट्टी हसली. लग्नाच्या हॉलच्या दारावरची, त्यांचं नाव असलेली पाटीही त्याच अक्षरांत होती. तिच्याखालून आपण सीमांतपूजनाला येणार नाही, असा निरोप भगवंतरावांनी पाठवला होता. आणि सीमांतपूजन दुसऱ्या दिवशी होतं.

केतकीला यात काही विशेष वाटत नव्हतं. “कार्ड पढ़ता कौन है, ताई? सब लोकेशन देखके आएँगे,” ती म्हणाली. माझ्या कलेवर याहून वाईट अभिप्राय मी ऐकलेला नाही.

सकाळी मावशीने तांदळाचे चिले, म्हणजे पातळ धिरडी, आणि टोमॅटोची चटणी खायला घातली. (रायपूरला जाऊन चिला न खाता परतू नका.) मग आम्ही दोघी नवा रायपूरला निघालो. रस्ते इतके रुंद की आपलीच गाडी हरवल्यासारखी वाटते. बस क्वचित दिसते, तेव्हा गाडी जाण्यायेण्याची ठरवा. मी वाटभर भाषणाची तयारी करत होते.

भगवंतरावांनी चहा दिला, बिस्किटं दिली, पुण्याची हवा विचारली. मग मी त्यांना समजावलं. ‘भ’च्या डोक्याशी डावीकडे एक गाठ असते. ओळ पळत असताना ती ठेच लागल्यासारखी दिसते, म्हणून मी ती काढून तिथे हलकं वळण दिलं. म्हणून तो ‘म’सारखा भासतो, पण वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं.

“माह्या ताईले नाही कळलं,” ते म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. “पोरी, अक्षर पळावं म्हणून तू माह्या नावाची गाठ सोडली. आता सारे मले मगवंतराव म्हणून राहिले. लग्न तं पोराचं आहे, मले कळते. पण नाव माहं आहे ना?”

माझं भाषण तिथेच संपलं. पाटी मी दुरुस्त करते, एवढंच म्हणाले.

नवी पाटी करायला वेळ नव्हता. तिथून आम्ही थेट गोल बाजारात गेलो. मावशीने झेंडू आणि लाल रिबिनी घेतल्या. त्याच दुपारी हॉलवर मी स्टुलावर चढले आणि थर्माकोलच्या सोनेरी अक्षरांवर रिबिनीची शिरोरेघ ओढली. प्रत्येक ‘भ’पाशी ती तोडली आणि तिथे तारेने झेंडूची गाठ बसवली. मावशी खालून सांगत होती, अजून मोठी कर, लांबून दिसत नाही. काम संपलं तेव्हा माझी नाजूक ‘झुळूक’ दसऱ्याला सजवलेल्या एसटीसारखी दिसत होती.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. भगवंतराव दाराशी थांबले, तसे मागचे सगळे थांबले. बँडवाले वाजवतच राहिले. मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिच्या अंगठ्या मला रुतल्या. भगवंतरावांनी चष्मा पुसला, मान वर केली आणि पाटी संथपणे वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

“हा ‘भ’ आहे,” ते म्हणाले, आणि आत गेले.

लग्न छान झालं. पंगतीत त्यांनी आग्रहाने माझ्या पानात दोनदा जिलबी वाढायला लावली.

पुण्याला आल्यावर मी पहिलं काम केलं ते ‘भ’ला गाठ परत देण्याचं. बरेच दिवस घोळ घातला. गाठ लहान केली की ‘म’ दिसायचा, मोठी केली की ओळ अडखळायची. शेवटी ओळ अडखळू दिली. ‘झुळूक’ आता ‘भ’पाशी जरा दम खाते, आणि ते मला अजूनही थोडं खुपतं.

नवा नमुना मी भगवंतरावांना पाठवला. त्यांचा आवाजी निरोप आला. आधी चष्म्याच्या डबीचा टक्क आवाज, मग त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव आडनावासकट सावकाश वाचलं. आणि शेवटी, तिकडे ‘हो’ म्हणायला वापरतात तो एकच शब्द.

“हव.”